अनुभव धागा: किनाऱ्यावरचं जड पाणी आणि आपली घरं

मंडळी, शिमगा सरला की आमच्या गुहागरकडे दोनच विषय: आंबा आणि पाणी. आंब्यावर बोलायला सगळे आहेत, म्हणून हा धागा पाण्यावर. पाणी येतं की नाही यावर नव्हे, आलेलं पाणी कसं असतं यावर. साबणाला फेस नाही, डाळ कुकरमधून तशीच टणक निघते, नळाच्या तोंडाशी पांढरी खपली. तुमच्याकडे काय होतं, काय उपाय केलात, लिहा. पाणी नळयोजनेचं, विहिरीचं की बोअरचं, तेवढं जरूर सांगा. नुसतं 'आमच्याकडेही सेम' याचा कुणालाच उपयोग नाही.

सुरुवात मीच करते. आमची नळयोजना विहिरीवर आहे आणि विहीर खाडीपासून फार लांब नाही. दिवाळीत पाणी छान असतं. होळीनंतर चहावर चकचकीत पापुद्रा धरायला लागतो. कप हलवला की तो तुटून कडेला चिकटतो. लिंबू पिळलेल्या चहावर मात्र येत नाही. तूरडाळ प्यायच्या गाळलेल्या पाण्यात भिजवते आणि त्यातच शिजवते. आमसूल तर आपण डाळ शिजल्यावरच घालतो. खायचा सोडा चिमूटभर टाकला की डाळ मऊ होते, पण चव साबणासारखी लागते आणि डाळीतलं ब जीवनसत्त्वही जातं. मला पटत नाही.

मालवण, विहीर
माझं माहेर सड्यावर, जांभ्यातल्या विहिरीचं पाणी. तिथे साबण नुसता लावला तरी फेस, उलट धुऊन निघता निघत नाही. लग्न होऊन किनाऱ्याला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात केसांचा काथ्या झाला. सासूबाई म्हणाल्या, "ह्या पाण्यात साबण घासून काय उपेग नाय गो, रिठो घे." रिठ्याला खरंच फेस येतो. तेव्हापासून रिठा-शिकेकाई, आणि शेवटचा तांब्या साठवलेल्या गोड्या पाण्याचा. समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला, त्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी, आणि आम्ही जमिनीवर राहून मचूळ पाणी उपसतो!

रत्नागिरी, शहराचा नळ
आमचं पाणी शीळ धरणाचं. कधी येईल ते विचारू नका, पण जड नाही. किटली वर्षानुवर्षं स्वच्छ आहे.

मी शाळेत रसायन शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो. पाण्याचा जडपणा म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. ते बायकार्बोनेटच्या रूपात असतील तर पाणी उकळल्यावर चुना तळाशी बसतो आणि पाणी हलकं होतं. क्लोराइड, सल्फेट असतील तर कितीही उकळा, ढिम्म फरक नाही. समुद्राचं पाणी जमिनीखालून आत शिरलं की हा दुसरा प्रकार वाढतो, कारण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, 2012) एकूण जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत.

आणि कृपा करून ते टीडीएसचं पेन घेऊन येणाऱ्या विक्रेत्याच्या आकड्याला घाबरू नका. ते पेन सगळे विरघळलेले क्षार मिळून अंदाज देतं. त्यात मीठ किती आणि चुना किती, हे त्याला कळत नाही. घरी बाटलीत पाणी, त्यात अंगाच्या साबणाचा किस, आणि जोरात हलवा. फेस न येता दह्यासारखा साका झाला तर पाणी जड. शाम्पू किंवा कपड्यांची पावडर वापरू नका, त्यांना जड पाण्यातही फेस येतो. नक्की आकडा हवा तर ग्रामपंचायतीत तपासणी संच आहे का विचारा, नाहीतर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या.

अलिबागजवळ, प्लंबिंगची कामं करतो
सरांचं बरोबर आहे, आम्हाला ते गिझर उघडला की दिसतं. आत पांढरा दगड जमला असेल तर पाणी चुन्याचं. कॉइलवर बोटभर जाड पापुद्रा, ठोकला की कवडीसारखा तुटतो. असा गिझर चालू केल्यावर खडखड वाजतो आणि पाणी तापायला वेळ घेतो. दुसरा प्रकार म्हणजे पापुद्रा कमी पण टाकी गंजलेली, आतला मॅग्नेशियमचा रॉड खाऊन संपलेला. ते खारं पाणी. गिऱ्हाईक दोन्ही वेळी एकच म्हणतं, 'कंपनी खराब.'

गिझर 50-55 अंशांवर ठेवा, थर हळू जमतो. रॉड दरवर्षी बघून घ्या. शॉवर आणि नळाच्या जाळीला व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाचं पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून रात्रभर बांधा. संडास धुवायचं ॲसिड नळाला लावू नका, चकाकी उडते. आणि ॲसिडमध्ये ब्लीच तर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

सॉफ्टनर विचाराल तर चुन्याला चांगला. त्यात मीठ घालावं लागतं, तो कॅल्शियम धरतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. पाणी आधीच खारं असेल तर त्याने गोडं होणार नाही. त्याला आरओच लागतो, आणि आरओचं सोडलेलं पाणी मोरीत न घालवता फरशीला वापरा.

श्रीवर्धनकडे, घरगुती लॉज
कडू लागेल, पण लिहितो. मे महिन्यात शनिवार-रविवार आला की किनाऱ्यावर सगळ्यांचे पंप एकदम चालू, माझाही. वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण 40 फूट गोडं, असा हिशोब एका भूजलवाल्यांनी सांगितला. म्हणजे वरची पातळी फूटभर उतरली की खालून खारं पाणी किती चढेल बघा. आता मी पंप थोडा थोडा चालवतो, मध्ये विहिरीला भरू देतो. शेजारी ऐकत नाहीत.

वेंगुर्ला, विहीर आणि पागोळी
पावसाळ्यात कौलांचं पाणी पन्हळीतून टाकीत घेतो. पहिले दोन-तीन मोठे पाऊस सोडून द्यायचे, माडाची घाण आणि पक्ष्यांची विष्ठा असते. डाळ, चहा आणि इस्त्रीला हेच पाणी. टाकी भरली की उरलेलं खड्ड्यातून विहिरीकडे. एक विचारायचं होतं: मुतखडा या पाण्यानेच होतो असं गावात सगळे सांगतात. कुणी डॉक्टर आहे का इथे?

धागाकर्ती
डॉक्टर नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही, एवढं वाचलंय. आमचे डॉक्टर म्हणतात, चव आवडत नाही म्हणून लोक उन्हाळ्यात पाणीच कमी पितात, ते आधी सुधारा. देवगड, हर्णै, मुरुडकडचं कुणी लिहिलेलं नाही अजून. वॉशिंग मशीनबद्दलही लिहा, आमच्या मशीनचा ड्रम आतून पांढरा झालाय.