खुकऱ्या: वापरायची कोणती, संग्रहात कोणती? धार आणि पावसाळ्यातली निगा

गोदाकाठ विचारतात:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सर्व्हिस नमुन्याची (गुरखा सैनिकांकडे असते तशी), साडेदहा इंच पात्याची एक खुकरी आहे. आता वेगवेगळ्या घडणीच्या आणखी चार-पाच घ्यायच्या आहेत. त्यातली एक-दोन दिंडोरीच्या शेतावर वापरीन: बांधावरची घाणेरी, बाभळीच्या फांद्या, बांबू. बाकीच्या घरी ठेवायच्या. नावे खूप ऐकतो (सिरुपाते, भोजपुरे, चैनपुरे, हंशी), पण कोणती कशासाठी ते नीट कळत नाही. शोभेची आणि कामाची यातला फरक कसा ओळखायचा? धार कशी लावायची? सपाट निसण्यावर पोटाचा (धारेचा बाहेर फुगलेला, रुंद) भाग लागतो, आतल्या बाकाला मात्र दगड पोहोचतच नाही.

---

पोलादपाणी:

कोणती कशासाठी, ते आधी. सिरुपाते म्हणजे सिरू गवताच्या पात्यासारखी: अरुंद, लांबट, हलकी. हात भरभर चालतो, घाणेरी आणि कोवळ्या फांद्यांना उत्तम. वाळलेल्या बाभळीच्या गाभ्यावर मारू नका, पातळ धारेचे टवके उडतात. भोजपुरे पूर्व नेपाळातल्या भोजपूरची: पोट रुंद, पाते जाड, वजन पुढे. लाकूड तोडायला हीच घ्या. चैनपुरे, धनकुटे ही नावेही गावांवरूनच आली आहेत. धनकुट्याची ओळख म्यानावरच्या नक्षीत आहे. कोथीमोरा तर चांदीच्या जाळीकामाच्या म्यानाची, मानाने भेट द्यायची वस्तू, तिने काडीही तोडू नये. हंशी जुन्या वळणाची, अरुंद आणि जास्त बाकदार. ती संग्रहासाठीच.

‘चिर्रा’ म्हणजे पात्यावरच्या लांब खाचा. तीन चिर्रा असलेली खुकरी आकाराच्या मानाने हलकी पडते आणि तरी पाठ ताठ राहते. आंग खोला प्रकारात पाठीजवळ एकच रुंद खोलगट भाग असतो.

आता पारख. पाठीची जाडी मुठीजवळ मोजा. कामाच्या खुकरीत ती साधारण ८ ते १२ मिमी असते आणि टोकाकडे उतरत जाते. सगळीकडे सारखी ३-४ मिमी जाडी, आरशासारखे क्रोमचे पाते आणि सिंहाच्या तोंडाची मूठ दिसली की ती दिवाणखान्यातली समजा. चांगले पाते बहुधा गाडीच्या कमानपाट्याच्या पोलादाचे असते. नेपाळातले कामी (लोहार) लोक पाते तापवून किटलीने फक्त धारेवर पाणी सोडतात. त्यामुळे पोटाची धार कडक होते, तर पाठ, टोक आणि मुठीजवळच्या लहान खाचेपाशी असलेला भाग नरम राहतो. तपासायला बारीक कानस घ्या. पोटाच्या धारेवर ती घसरली पाहिजे, पाठीवर चावली पाहिजे. दोन्हीकडे चावली तर पाणी दिलेलेच नाही. दोन्हीकडे घसरली तर जोराच्या घावाला तुटायची भीती.

मुठीजवळच्या त्या लहान खाचेला चो किंवा काउडी म्हणतात. तिच्या अर्थाबद्दल बरेच सांगितले जाते (गाईचा खूर, त्रिशूळ, रक्त मुठीकडे ओघळू न देणे), पण घेताना तुम्ही तिचा तळ पाहा. कोपरे तीक्ष्ण असतील तर चीर तिथून सुरू होते. भिंगाने बघाच.

मूठ दोन प्रकारची. एकात पात्याचे निमुळते शेपूट लाकडात किंवा म्हशीच्या शिंगात लाहाने बसवलेले असते. लाहा हा राळेसारखा चिकट पदार्थ, उन्हात ठेवलेल्या गाडीत तो मऊ पडतो आणि मूठ खुळखुळते. दुसरा पानावल: पोलाद मुठीच्या पूर्ण लांबीभर जाते, दोन्ही बाजूंना लाकडी फाळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या. शेतावर पानावलच न्या.

---

कानस_आणि_निसणा:

सपाट दगडाचा नाद सोडा. खुकरीची धार कोयत्यासारखी सपाट उताराची नसते, ती बाहेर फुगीर असते. ती फुगीर राहिली तरच घाव सोसते. लाकडी पट्टीवर माउसपॅड किंवा सायकल ट्यूबचा तुकडा चिकटवा आणि त्यावर पॉलिशपेपर ताणून बसवा. टवके असतील तर २२० नंबरपासून, नाहीतर ४०० पासून सुरुवात, मग ८००, १५००, २०००. पाते नेहमी पाठीच्या दिशेने ओढा. धार पुढे करून ढकलले तर कागद फाटतो आणि धार गोल होते. पाठ किंचितच उचला, दाब हलका ठेवा, मऊ तळामुळे फुगीरपणा आपोआप टिकतो. आतल्या बाकासाठी तोच कागद एक इंच जाडीच्या गोल दांडीवर गुंडाळा. एका अंगाने घासत असताना दुसऱ्या अंगाला लांबभर बारीक तार (धारेची वळलेली कड) बोटाला लागली की बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर वीस-पंचवीस हात.

ग्राइंडरवाल्याकडे देऊ नका, हे कळकळीने सांगतो. चाकावर धार निळी पडली म्हणजे पाणी उतरले, पोलाद तिथे नरम झाले. मग तेवढा निळा भाग हाताने घासून काढण्याशिवाय इलाज नाही, आणि पात्याची रुंदी कमी होते.

म्यानातल्या दोन छोट्या वस्तूंत कर्द म्हणजे लहान चाकू. दुसरी चकमक, ती बोथट असते. तिने धार लागत नाही, वाकलेली धार सरळ होते. तासभर काम झाले की आठ-दहा वेळा फिरवा.

वापरताना मुठीची मधली कडी मधल्या आणि अनामिकेच्या बोटांमध्ये येते. घाव पोटाच्या सर्वांत रुंद भागाने, तिरका. बांबू पेऱ्याच्या जवळ ४५ अंशांत कापा, आडवा मारलात तर चिरफळतो. पाते लाकडात अडकले तर पिळू नका, आल्या रेषेतच मागे काढा. बहुतेक टवके पिळण्यानेच उडतात. फांदी तोडताना खाली ओंडका ठेवा, आपल्या काळ्या दगडावर एक घाव बसला की अर्धा दिवस घासण्यात जातो. बुंध्याजवळ काम असेल तर गुडघा टेकून बसा, चुकलेला घाव पायावर येण्याऐवजी जमिनीत जातो. द्राक्षवेलीला मात्र खुकरी लावू नका. एप्रिलची खरड छाटणी असो वा ऑक्टोबरची, काडी चिरडते. तिथे कात्रीच हवी.

आणि म्यान! उपसताना म्यान पाठीच्या बाजूने धरा, बोटे धारेच्या बाजूला वळवू नका. पाते शिवण कापून बाहेर येते आणि बोटे जातात. उपसताना आणि घालताना पाठ म्यानाला टेकवून सरकवा.

---

गोदाकाठ:

मनापासून आभार. एक जुनी भोजपुरे विकायला आली आहे. पाठीवर देवनागरीत अक्षरे आणि ‘१९७५’ असा आकडा आहे. विकणारा १९७५ सालची म्हणतो. शिवाय घरी खंडेनवमीला शस्त्रांना हळदकुंकू वाहतात, त्याने पोलादाला काही होते का?

---

पोलादपाणी:

लिपी आपली असल्यामुळे इथे आपण हमखास फसतो. आकडा नेपाळी असेल तर तो विक्रम संवत आहे. त्यातून ५७ वजा करा, वर्षाच्या शेवटच्या तीन-साडेतीन महिन्यांसाठी ५६. म्हणजे १९७५ हे इ. स. १९१८-१९. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला (शस्त्रागारातला) जुना शस्त्रसाठा २००३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हापासून पाठीवर देवनागरी अक्षरे असलेल्या भोजपुरे बाजारात दिसतात. पण ठसा मारणे हे सगळ्यात सोपे काम, नुसत्या आकड्याला पैसे देऊ नका. अक्षरांच्या खोबणीत आजूबाजूसारखाच जुना काळपटपणा हवा. तिथे लोखंड चकचकीत दिसले तर ठसा नवा. दुसऱ्या महायुद्धातल्या, हिंदुस्थानात बनलेल्या सैनिकी खुकऱ्यांवर मात्र इसवी सन असते.

जुन्या पात्यावर घट्ट झालेले ग्रीस रॉकेलच्या फडक्याने भिजवून काढा. पॉलिशपेपर लावू नका, जुना रंग गेला की वस्तूची किंमत गेली.

---

घोटीचा_पाऊस:

हळदकुंकू ओलसर असते आणि हवेतला दमटपणा धरून ठेवते. ते रात्रभर पात्यावर राहिले तर खाली गंजाचे ठिपके उठतात. गंध-अक्षता मुठीला किंवा म्यानाला वाहा. पात्याला वाहिलेच तर आरती झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवा. झेंडूची फुलेही पात्यावर ठेवू नका.

पावसाळ्यात खुकरी म्यानात ठेवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचे. कमावलेल्या चामड्यात आम्ल असते, ओल धरली की पोलाद गंजते आणि पितळ हिरवे कळकते. पाते शिलाई मशीनच्या तेलाने पुसून सुती कापडात गुंडाळा. म्यान वेगळे, सावलीत. बुरशी आली तर कोरड्या ब्रशने झाडा, उन्हात टाकू नका. म्यानाला तेल चोळू नका, चामडे मऊ पडून शिवण सुटते, थोडे मेण पुरे. गोडेतेल पात्याला नको, ते चिकट होऊन धूळ धरते. भाजी-मांस कापायच्या खुकरीला औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन लावा.

मुठीचे पितळ चिंचेने घासायचा मोह आवरा. आम्ल कांज्यातून, म्हणजे मुठीच्या तोंडावरच्या पितळी पट्टीतून, आत जाते आणि शेपूट गंजवते. ते बाहेरून दिसतही नाही. पात्यावर टेप लावून मेटल पॉलिशच वापरा.

---

पोलादपाणी:

कायद्याचे राहिले. शस्त्र नियम २०१६ च्या यादीत खुकरीचे नावच आहे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची शस्त्रे त्यात येतात, घरगुती आणि शेतीकामाची अवजारे वगळली आहेत. तुमची साडेदहा इंची या मापाहून लांब आहे, म्हणून तिच्याबद्दल आणि नव्या घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. नाशिक शहरात पोलीस आयुक्तांचे मनाई आदेश निघतात, त्या काळात ती बरोबर बाळगू नका. शेतावर नेताना म्यानात, बांधून, गाडीच्या डिकीत ठेवा. कमरेला नको.