मदत हवी आहे: सुपरस्पेस सपाट, तरी त्यात टॉर्शन कसं?

मंडळी, मी खानापूरकडचा, बेळगावात एमएस्सी फिजिक्स करतोय. सुपरसिमेट्रीचा (बोसॉन आणि फर्मिऑन या दोन जातींच्या कणांना एकमेकांत बदलणाऱ्या सममितीचा) अल्जिब्रा पाठ झालाय, ही अदलाबदल करणाऱ्या क्यू आणि क्यू-बारचा अँटिकम्युटेटर (दोन्ही क्रमांनी गुणून केलेली बेरीज) घेतला की मोमेंटम पी येतो, पण भूमितीनं ते डोळ्यासमोर येईना बघा. १९७४ मध्ये सलाम आणि स्ट्रॅथडी यांनी सुपरस्पेस मांडलं, जागा-काळाच्या नेहमीच्या एक्सच्या जोडीला थीटा हा जादा निर्देशांक, ज्याचा वर्ग शून्य, इथपर्यंत ठीक. काल भाताच्या बांधावरनं चालताना वाटलं, वाफ्याला चारी बाजूंनी फेरी मारली की मी निघालो तिथंच परत येतो, पण सुपरस्पेसमध्ये आधी एक सुपर-सरक (क्यू किंवा क्यू-बारनं केलेलं सरकणं), मग दुसरी, मग पहिली उलटी, मग दुसरी उलटी असं केलं तर फेरी मिटतच नाही, एक्समध्ये थोडं पुढं सरकलेलं असतं आणि ते सरकणं म्हणजेच पी. फेरी अशी न मिटणं, हेच टॉर्शन ना? मग कर्व्हेचर (वक्रता) शून्य असताना ते आलं कुठनं, तीन दिवस तिथंच अडकलोय.

भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटनचा १९८२ चा मार्ग मात्र लगेच पटला, क्यू म्हणजे डिफरन्शियल फॉर्मवरचा डी (एक प्रकारचं डेरिव्हेटिव्ह), त्याचा जोडीदार डी-स्टार, आणि दोघांचा अँटिकम्युटेटर म्हणजे लाप्लासियन, किती सुंदर आहे! तोच विचार चार मितींत कसा न्यायचा? कुणीतरी मराठीत समजावून सांगा, वहीत आकृती काढून फोटो टाकला तरी चालतंय.