दहा दिवसांच्या युरोपात काय पाहायचे आणि काय सोडायचे?

घाटवाट:
‘युरोपला आयुष्यात एकदाच जाणे होते, म्हणून दहा दिवसांत सहा देश व्हायलाच हवेत’ असे परवा येथे एकाने लिहिले आणि पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, र्‍हाइनचा धबधबा, युंगफ्राउयोख ही आल्प्समधील बर्फाळ खिंड, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स व रोम अशी यादीही दिली. ती वाचून मला राहवले नाही, कारण २०१८ च्या जूनमध्ये आम्ही उभयतांनी यात्रा कंपनीच्या गटाबरोबर जवळपास हीच यादी पुरी केली आहे. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरात आम्हाला वीस मिनिटे मिळाली. त्रेचाळीस मीटर उंचीच्या त्या घुमटाच्या माथ्यावरील उघड्या झरोक्यातून उन्हाची एक मोठी गोल चकती फरशीवर पडली होती आणि ती सरकताना डोळ्यांना कळत होती. ती एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जाईपर्यंत थांबावे असे वाटत असतानाच मार्गदर्शकाने झेंडी वर केली. कोलोझियम आम्ही बाहेरून पाहिले आणि फ्लॉरेन्सला दोन तास मिळाले.

माझे म्हणणे असे की रोमला चार, फ्लॉरेन्सला दोन आणि स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नला तीन रात्री राहावे, जाताना विमान रोमचे आणि येताना झुरिकचे घ्यावे, म्हणजे उलटा प्रवास होत नाही. रोम ते फ्लॉरेन्स रेल्वेने दीड तास लागतो. बाकीचे सोडून द्यावे.

सोनचाफा:
सोडून द्यावे हे लिहिणे सोपे आहे. माझी आई एकाहत्तर वर्षांची असून सोलापूरच्या पलीकडे फारशी गेलेली नव्हती. व्हिसासाठी बोटांचे ठसे, बँकेची विवरणपत्रे, मुलाखतीची धास्ती, हे सगळे तिने एकदाच केले आणि पुन्हा करणार नाही. रेल्वेच्या डब्यात स्वतः बॅगा चढवायच्या तर तिने हा प्रवास केलाच नसता. आयफेल मनोऱ्याचे दिवे लागल्यावर ती माझा हात घट्ट धरून उभी होती. त्या क्षणाला तुमच्या हिशेबात जागा नाही.

डोंबिवलीकर:
मूळ प्रश्न स्थळांचा आहे, पण खरा वेळ खाते ते सात वाजताचे भारतीय जेवण. जूनमध्ये पॅरिसला सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. दिवसातला सर्वांत सुंदर उजेड आमच्या गटाने एका तळघरातल्या उपाहारगृहात पनीरची भाजी खाण्यात घालवला आणि तेथून थेट गावाबाहेरच्या हॉटेलात नेऊन सोडले. बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास थांबावेच लागते, रात्रीची विश्रांतीही कायद्यानेच ठरलेली असते, त्यामुळे संध्याकाळ एकदा गेली की परत मिळत नाही. कोणते स्थळ पाहायचे हे वरणभात ठरवतो.

सोनचाफा:
आईला मधुमेह आहे आणि ती मांसमच्छी खात नाही. वेळेवर पोटात अन्न गेले नाही तर तिला घाम फुटून चक्कर येते, तेव्हा सूर्यास्त कोण पाहणार? शाकाहारी माणसाने परदेशी जाऊच नये, असे म्हणायचे असेल तर स्पष्ट म्हणा.

डोंबिवलीकर:
असे मी कोठेही म्हटलेले नाही आणि हा आरोप मला लागला आहे. मी स्वतः शाकाहारी आहे. इटलीत चीज नसलेला मारिनारा पिझ्झा मिळतो, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचा पास्ता मिळतो.

पर्णकुटी:
त्या पास्त्यावर पार्मिजानो चीज किसून घालतात आणि ते वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, वापरून बनवतात, हेही सांगा. आमच्या सासूबाईंना ते नंतर कळले आणि त्या दोन दिवस फक्त केळी व पाव खात होत्या. मागवतानाच चीज नको म्हणून सांगावे लागते. स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेऊन तांदूळ, मेतकूट आणि भाजणी बरोबर न्यावी, हाच खरा उपाय आहे. पण त्यासाठी एका गावी तीन-चार रात्री राहावे लागते.

सोनचाफा:
हे मला मान्य करावे लागते, जरी सुट्टीवर आलेल्या आईपुढे मी पुन्हा शेगडीशी उभी राहायची, हे कोणी लक्षात घेतलेले नाही. पिसा सोडायलाही मी तयार आहे. बस लांब उभी राहते, तेथून मनोऱ्यापर्यंत जाऊन छायाचित्र काढून परत येण्यात आमचा अर्धा दिवस गेला. र्‍हाइनचा धबधबा पाहून आईला आपला जोगच आठवला. जोग अडीचशे मीटरांहून उंच आणि हा तेवीस. युंगफ्राउ मात्र मी सोडणार नाही. ३४५४ मीटर उंचीवर, १९१२ सालच्या त्या रेल्वेने जाऊन तिने हातमोजा काढून उघड्या हाताने बर्फ उचलला होता.

घाटवाट:
युंगफ्राउ सोडा असे मी म्हणणार नव्हतो, पण आम्हाला तेथे पांढऱ्या धुक्याखेरीज काहीही दिसले नाही. ‘आलेच’ नावाची आल्प्समधील सर्वांत लांब हिमनदी समोर असूनही दिसली नाही, कारण गटाची तारीख महिनाभर आधी ठरलेली होती. ल्युसर्नला किंवा इंटरलाकेनला तीन रात्री असतील तर सकाळी शिखरावरच्या कॅमेऱ्याचे चित्र पाहून मग तिकीट काढता येते. आपल्या आईंना बर्फ मिळाला, याचा मला खरोखर आनंद आहे. वयस्कर माणसांसाठी बरोबर कोणीतरी हवे, हा आपला मुद्दा मी कमी लेखला होता.

सोनचाफा:
येत्या मे महिन्यात मावशीला घेऊन जायचे आहे. आपले वाचून मी यात्रा कंपनीचे वेळापत्रक पुन्हा उघडले. पॅरिसचा आमचा एकमेव मोकळा दिवस मंगळवारी येतो, त्यात लूव्र संग्रहालय लिहिलेले आहे आणि लूव्र मंगळवारी बंद असते. उद्या सकाळी त्यांना दूरध्वनी करते. पिसाचा अर्धा दिवस काढून तो ल्युसर्नला देता येईल का, तेही विचारणार आहे.