कोल्हापूर पासिंगची अर्टिगा घ्यायची, वॅगनआर आणि अ‍ॅक्टिव्हा काढायची. क्रम काय ठेवावा?

गोदाकाठ:
घरात सहा माणसं, त्यामुळे सात सीटर हवी. नाशिकमध्येच एका डीलरकडे २०१९ ची अर्टिगा व्हीएक्सआय पेट्रोल आहे. पासिंग एमएच-०९, ६२ हजार किमी, पहिला मालक. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा अजून दिसतो. डीलर म्हणतो, आठवड्यात उतरेल. आमच्याकडे २०१२ ची वॅगनआर (सीएनजी किट बाहेरून बसवलेलं, आरसीवर चढवलेलं) आणि २००९ ची अ‍ॅक्टिव्हा, जिची नोंदणी संपली आहे. डीलर दोन्ही घेतो आणि "वर इतके द्या" असा एकच आकडा सांगतो. गाडीत काय तपासू, कागद कोणते, आणि हा एकच आकडा मान्य करावा का?

पानापक्कड:
एमएच-०९ आणि २०१९ एकत्र दिसलं की आधी पाणी तपासायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला होता. तिथली प्रत्येक गाडी बुडालेली नसते, पण तपासायला अर्धा तास पुरतो.

सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुतलेल्या गाडीतही पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. पुढच्या सीटा मागे सरकवून रेल आणि बोल्ट बघा. आत सीटखाली गंज चढायचं एरवी काही कारण नसतं. दाराजवळची प्लास्टिक पट्टी उचकून कार्पेटखालचा फोम दाबा. फ्यूज बॉक्स आणि डॅशबोर्डखालच्या कनेक्टरच्या पिना हिरवट असतील तर गाडी तिथेच सोडा. हा हिरवटपणा हळूहळू वाढतो. एअरबॅगचा दिवा, पॉवर विंडो, स्टीअरिंगची मोटर असे बिघाड सहा-आठ महिन्यांनी एकेक करून येतात आणि मूळ कारण सापडत नाही. शिवाय या मॉडेलमध्ये पेट्रोल इंजिनाला मदत करणाऱ्या हायब्रिड मोटरची लिथियम बॅटरी पुढच्या सीटखाली असते, म्हणजे पाणी आत आलं की पहिली तीच भिजते. गाडीत सेंटचा घमघमाट असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात ठेवा, मग दार उघडून वास घ्या.

याच गाडीचं आणखी एक. जानेवारी ते नोव्हेंबर २०१९ मध्ये बनलेल्या सिआझ, अर्टिगा आणि एक्सएल६ च्या पेट्रोल हायब्रिड गाड्या कंपनीने मोटर जनरेटर युनिट तपासायला परत बोलावल्या होत्या, एकूण ६३,४९३. चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ते काम झालं का विचारा. तिथेच सर्व्हिसच्या नोंदी काढा, म्हणजे ६२ हजार खरे की मीटर मागे फिरवलाय तेही कळेल. टायरवरचे शेवटचे चार अंक बघा: २६१९ म्हणजे २०१९ चा २६ वा आठवडा. एवढ्या किमीला मूळचे टायर झिजलेले किंवा एकदा बदललेले असणं ठीक. दुसऱ्यांदा बदललेले दिसले तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं, म्हणून न सांगता सकाळी जा आणि बॉनेटला हात लावा. टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायचा खर्च नाही. पण थंड स्टार्टला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड आली तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. चक्कर मारताना गाडीत सहा जण बसवा आणि छतातला मागचा एसी फुल्ल ठेवा. एकट्याने चालवून सात सीटरचं सस्पेन्शन कळत नाही.

फॉर्म_तीस:
बोजा उतरल्याशिवाय टोकनपलीकडे एक रुपया नाही. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागतो. नुसती एनओसी दाखवून "झालं" म्हणतील, पण परिवहनच्या साइटवर बोजा निघालेला दिसला पाहिजे. तिथेच विमा, पीयूसी आणि ब्लॅकलिस्टची नोंद बघा. ई-चलन वेगळं तपासा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर पाटी) नसेल तर आरटीओत काम अडतं, म्हणून वॅगनआरची पाटी आधी बसवून घ्या. कारला जीएसटी सोडून ७४५ रुपये. पासिंग महाराष्ट्रातलंच असल्याने अर्टिगाला पुन्हा रोड टॅक्स नाही आणि नंबर एमएच-०९ च राहील.

खरा धोका वॅगनआर देताना आहे. डीलर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या मागतो आणि गाडी पुढे कोणाकोणाकडे जाते ते तुम्हाला कळत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या खटल्यात गाडी अशीच हातोहात विकली गेली होती. सुप्रीम कोर्टाने अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्या मालकावरच टाकली. यावर उपाय आहे. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमानुसार आरटीओकडे नोंदलेल्या डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला जातो, आणि गाडी पुढे विकली जाईपर्यंत तो डीलरच मालक मानला जातो. डीलरकडे ही नोंदणी आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. नसेल तर नाव बदलून झाल्यावरच गाडी सोडा. निदान तारीख-वेळ घातलेली डिलिव्हरी नोट आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत तरी घ्याच.

हिशेबी:
"वर इतके द्या" हा आकडा मुद्दाम एक ठेवलेला असतो. वॅगनआरचे चाळीस हजार वाढवून दिले आणि अर्टिगात चाळीस चढवले, तर तुम्ही खूश आणि त्याचा खिसा जागच्या जागी. आधी फक्त अर्टिगाचा भाव लेखी घ्या, एक्स्चेंजचं नावही काढू नका. वॅगनआर दुसऱ्या दोन ठिकाणी दाखवून भाव घ्या, मग त्याला विचारा. सीएनजी सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. सर्टिफिकेटची मुदत संपली असेल तर भाव पाडायला तेवढं पुरतं.

बिलावर जीएसटी लावला तर नीट बघा: डीलरच्या नफ्यावर १८ टक्के, पूर्ण किमतीवर नाही. आणि दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे. "रोख द्या, कमी करतो" म्हणाला तर हसून सोडून द्या.

गोदाकाठ:
वॅगनआरवर ५० टक्के नो क्लेम बोनस आहे. तो गाडीबरोबर जातो का? आणि अ‍ॅक्टिव्हाचं काय करू?

हिशेबी:
बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. वॅगनआर विकल्यावर विमा कंपनीकडून एनसीबीचं (नो क्लेम बोनसचं) पत्र घ्या, तीन वर्षांत वापरता येतं. अर्टिगाच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर ५० टक्के सूट मिळेल, थर्ड पार्टीवर नाही. अर्टिगाची पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर पडून ठेवू नका, १४ दिवसांत बदलून घ्या.

फॉर्म_तीस:
नोंदणी संपलेली अ‍ॅक्टिव्हा दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आधी नूतनीकरण, पर्यावरण कर, उशिराचा दंड, आणि तेवढं करून हाती येणार काही हजार. डीलर ती फुकटात घेऊन सुटे भाग करून विकेल, आरसीवर नाव मात्र तुमचंच राहील. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला) घ्या. त्यावरची करसवलत नवी गाडी घेतानाच मिळते, या अर्टिगाला लागणार नाही. पण ती गाडी तुमच्या नावावरून कायमची उतरते. वॅगनआरचा फास्टॅगही गाडी द्यायच्या दिवशीच बंद करा.