भविष्यवाणी खोटी ठरली, तर त्याच माइकवरून सांगायला नको का?

नानापेठकर

जानेवारी आला की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) वर्षाच्या भविष्यवाण्यांचे फ्लेक्स आणि यूट्यूब लाइव्ह सुरू होतात. "मार्चच्या आत व्हिसा", "यंदा घराचं कर्ज फिटणार". हिंजवडी-खराडीवाल्यांसाठी तर प्रमोशनचं वेगळं अभिषेकाचं तेल असतं. डिसेंबरात मात्र कुणी हिशेब मांडत नाही, कारण तोवर पुढच्या वर्षाचा फ्लेक्स छापायला गेलेला असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या दाव्यात तारीख, माणसाचं नाव किंवा निकाल आहे, तो मंडळीच्या वहीत त्याच दिवशी लिहा. मुदत संपली की सभेत वाचा. खोटा ठरला, तर ज्यांनी सांगितला त्यांनी त्याच व्यासपीठावरून तसं सांगावं. "तुमचा विश्वास कमी पडला" हे उत्तर चालणार नाही.

यात माझं स्वतःचं काही नाही. बायबलमधलं अनुवाद १८:२२ तेच सांगतं: परमेश्वराच्या नावाने बोललेलं घडलं नाही, तर ते परमेश्वराचं नव्हतं आणि त्या माणसाला भ्यायचं कारण नाही. यिर्मया २८ वाचा. हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत बाबेलच्या सत्तेचं जू मोडणार. यिर्मया आधी "आमेन, असंच होवो" म्हणतो. त्यालाही तेच हवं होतं! पण पुढे तो म्हणतो, शांतीचं भाकीत करणारा खरा की खोटा, हे ते घडल्यावरच कळतं.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने न्यायाच्या दिवसाची २१ मे २०११ ही तारीख दिली, ती टळल्यावर २१ ऑक्टोबर. लोकांनी जमवलेले पैसे जाहिरातींवर घातले होते. २०१२ मध्ये त्याने चूक लेखी कबूल केली. २०२० च्या निवडणुकीत ट्रम्प पुन्हा जिंकणार असं अनेक नामांकित संदेष्ट्यांनी देवाच्या नावाने सांगितलं. त्यातल्या जेरेमाया जॉन्सनने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली, तर विश्वासणाऱ्यांनीच त्याला शिव्या आणि धमक्या पाठवल्या. पुढे एप्रिलमध्ये तिथल्या काही करिश्माई (भविष्यवाणीसारखी आत्म्याची दानं आजही मिळतात असं मानणाऱ्या) पुढाऱ्यांनीच निवेदन काढलं: जाहीर सांगितलेलं चुकलं तर जबाबदारीही जाहीरच घ्यायची. आपल्याकडे असं कधी होणार?

वडगावशेरी

प्रेज द लॉर्ड ब्रदर. अनुवाद १८ घ्यायचंच असेल तर पूर्ण घ्या. विसाव्या वचनात अशा संदेष्ट्याला मृत्युदंड आहे. तो सोडायचा आणि वही तेवढी ठेवायची, हे कुठल्या आधाराने?

नव्या करारात चित्र वेगळं आहे. १ करिंथ १४:२९ मध्ये दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी पारखावं असं आहे. म्हणजे बोलण्यात खऱ्याखोट्याची मिसळ असणार हे पौलाने धरलेलंच आहे. अगब हा संदेष्टा घ्या. त्याने सांगितलं, यहूदी लोक पौलाला बांधतील आणि परक्यांच्या हाती देतील. प्रत्यक्षात यहूदी त्याला मारत होते आणि बेड्या घातल्या रोमी सरदाराने. तुमच्या वहीत अगब नापास! योना संदेष्ट्याने निनवे शहराला नाशाआधी चाळीस दिवस दिले, शहर वाचलं. योनाही नापास.

आणि "आत्म्याला विझवू नका" हेही वचनच आहे. केडगावला १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन (विश्वासाची नवी लाट) आलं, मुली रात्र-रात्र रडून प्रार्थना करत होत्या. तेव्हा कुणी वही घेऊन दारात बसलं असतं तर?

पंचहौद

प्रेषित गेले, शास्त्र पूर्ण झालं, नवे संदेश बंद. वही नको, माइकही नको. इतका साधा विषय आहे.

वडगावशेरी

@पंचहौद, साधा तुमच्यासाठी. माझे वडील ससूनमध्ये होते तेव्हा आमच्या जुन्या मंडळीतून कुणी फिरकलं नाही. त्या लोकांना वर्गणीचं पाकीट मात्र वेळेवर आठवायचं. ज्याला तुम्ही खोटा संदेष्टा म्हणाल तो रात्री दोन वाजता स्कूटरवर आला आणि पहाटेपर्यंत बसला. लोक भविष्यवाणीच्या मागे का जातात याचं अर्धं उत्तर तुमच्या रिकाम्या बाकांवर आहे.

पंचहौद

रात्री दोनला आला म्हणून त्याची शिकवण खरी ठरत नाही. आमचं कुणी आलं नाही हे वाईटच झालं. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

केडगावची

माझी आजी मुक्तीत वाढली, म्हणून थोडं बोलते. संजीवन आलं तेव्हा रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही, हे खरं. पण त्याच रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या सिस्टर जेराल्डिन या ननला पत्रांतून काय सुनावलंय तेही वाचा. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता धर्मगुरू म्हणतील ते सगळं देवाची आज्ञा मानून दुसरं जू घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे. बाप्तिस्मा देणाऱ्यांनाच हे सांगणारी बाई! केडगावचं नाव घेऊन प्रश्न बंद करू नका भाऊ.

आणि त्या संजीवनात मुली काय करत होत्या? स्वतःची पापं कबूल करत होत्या. कुणाला व्हिसा नाही मिळाला.

माझी हरकत मात्र नानापेठकरांच्या वहीवरही आहे. समजा सगळं खरं ठरलं, मग? अनुवाद १३ म्हणतं, चिन्ह खरं ठरलं तरी तो माणूस दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर ऐकू नका. फिलिप्पै शहरातली भविष्य सांगणारी दासी पौलाबद्दल जे ओरडत होती त्यातला शब्दही खोटा नव्हता. तरी पौलाने तो आत्मा घालवला. राग कुणाला आला? तिच्या जिवावर कमावणाऱ्या धन्यांना.

अमेरिकेतल्या पीटर पोपॉफ या रोग बरे करण्याच्या सभा घेणाऱ्या उपदेशकाचं प्रकरण आठवतं? सभेत अनोळखी माणसाचं नाव, पत्ता, आजार बरोब्बर सांगायचा. १९८६ मध्ये भोंदूगिरी उघड करणारा जादूगार जेम्स रँडी याच्या लोकांनी रेडिओ स्कॅनर लावला, तर बायको बाहेरून वायरलेसवर प्रार्थनेची कार्डं वाचून दाखवत होती आणि साहेबांच्या कानात यंत्र होतं. तुमच्या वहीत पोपॉफला शंभरपैकी शंभर! आता तर कार्डही लागत नाही, फेसबुकवर वाढदिवस आणि मुलांची नावं आपणच देऊन ठेवलेली असतात.

वॉर्डातली

मी नर्स आहे. तुमची वही माझ्या कामाची नाही. "तुझी शुगर गेली, गोळ्यांची गरज नाही" असं सभेत ऐकून आलेले पेशंट आम्ही पाहतो. टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. वहीतली मुदत संपेपर्यंत कोण थांबणार? तिथे पारख करायची नसते, तिथे माइक काढून घ्यायचा असतो. मग तो करिश्माई असो की पंचहौदाचा.

कायदाही आहे. १९५४ चा जादूई उपचारांच्या जाहिरातींवरचा केंद्राचा कायदा आहे आणि डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये राज्याने केलेला जादूटोणाविरोधी कायदाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. तो फक्त बुवा-मांत्रिकांसाठी आहे अशी आपल्या लोकांची समजूत का असावी?

वडगावशेरी

ताई, औषध बंद करायला सांगणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. आमचे पास्टर स्वतः बीपीची गोळी घेतात आणि व्यासपीठावरून तसं सांगतात. पण कायद्याचं नाव काढताना जपून. आमच्या घरगुती प्रार्थनासभांवर आधीच बाहेरच्यांची नजर असते. आपल्या हाताने त्यांना काठी द्यायची?

वॉर्डातली

काठी कुणी दिली? इन्सुलिन थांबवणाऱ्याने.

बिबवेवाडी

सेमिनरीत (पाळकांच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात) शिकलोय, म्हणून एक भर. पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला मंडळ्यांसाठी लिहिलेली 'डिडाखे' नावाची छोटी पुस्तिका आहे. फिरस्त्या संदेष्ट्यांचा त्रास तेव्हाही होता. त्यात नियम आहेत: तीन दिवस मुक्काम ठोकला तर खोटा. आत्म्यात असताना "मला पैसे द्या" म्हणाला तर ऐकू नका. दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर दोष देऊ नका. आत्म्यात जेवण मांडायला सांगितलं आणि स्वतःच जेवला, तर खोटा. (हा नियम आजच्या कन्व्हेन्शनच्या जेवणावळींना लावला तर फार थोडे उरतील.) शिकवतो ते स्वतः करत नसेल, तरी खोटा.

पण त्याच प्रकरणात आत्म्यात बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा घेऊ नका असंही आहे. म्हणून त्यांनी बोलण्यापेक्षा चालचलणूक तपासली. भाकीत खरं ठरलं का, हा प्रश्न तिथे येतच नाही.

"माझ्या अभिषिक्तांना (देवाने नेमलेल्यांना) हात लावू नका" हे अजून कुणी म्हटलं नाही, पण येईलच म्हणून आधीच सांगतो. स्तोत्र १०५ मध्ये ते अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे आणि ताकीद राजांना आहे. दावीदाने शौल राजाला मारलं नाही, पण झग्याचा काठ कापून त्याच्या सगळ्या फौजेसमोर जाब विचारला.

नानापेठकर

@केडगावची, वहीने कुणाला खरेपणाचं सर्टिफिकेट मिळत नाही. खोटं तेवढं पकडलं जातं. पोपॉफसाठी दुसरी चाळणी लागेल हे मान्य, आणि बिबवेवाडीकरांनी ती दिलीच आहे. वॉर्डातल्या ताईंच्या बाबतीत वादच नाही.

@वडगावशेरी, योनाचा निरोप धोक्याचा इशारा होता. लोक वळले, देवाने अरिष्ट आणलं नाही. यिर्मया १८ मध्ये ती अट स्पष्ट आहे. "मार्चमध्ये व्हिसा" सांगितल्यावर कुणी कशापासून वळायचं? अगबाचं म्हणाल, तर प्रेषितांची कृत्ये २८:१७ मध्ये पौल स्वतःच म्हणतो की मला यरुशलेमात बांधून रोमी लोकांच्या हाती दिलं. ज्याच्या बाबतीत घडलं त्याची तक्रार नाही. आणि मृत्युदंड कुणाला हवाय? दोन मिनिटं माइकवर उभं राहायचं आहे.

वडगावशेरी

अगबाचं तुमचं उत्तर मला पटलेलं नाही, पण ते वचन पुन्हा बघतो. वहीबद्दल एक अडचण सांगा. तुमच्याकडे कमिटी आहे, बिशप आहेत. आमच्यासारख्या स्वतंत्र मंडळीत सेक्रेटरी पास्टरांचे मेहुणे आणि खजिनदार त्यांची पत्नी. वही ठेवायची कुणाकडे?

केडगावची

तुमच्याकडे संडे स्कूल घेणारी कुणी बाई असेलच. तिच्याकडे द्या. मुलांची हजेरी ती दर रविवारी न चुकता लिहितेच.

वडगावशेरी

आहे, माझीच बायको घेते. शुक्रवारी उपास-प्रार्थना आहे, बाहेरचे पाहुणे येतायत. त्यांचं झाल्यावर १ करिंथ १४:२९ काढून विचारतो, "इतरांनी पारखावं" म्हणजे आपल्यापैकी कुणी. काय उत्तर येतं ते इथे लिहीन.