तापमान, पाऊस आणि केळीचे भाव: पायथॉनमधील तीन आलेख एकमेकांना कसे जोडावेत?

प्रश्न (रावेर)
नमस्कार. रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या अभ्यासासाठी माझ्याकडे रोजचे कमाल तापमान, पाऊस आणि बाजारभाव अशा तीन सीएसव्ही फायली आहेत. मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या आलेख-लायब्ररीत शेअरएक्स (सर्व आलेखांना एकच आडवा अक्ष देणारा पर्याय) वापरून तिन्ही आलेख एकाखाली एक काढले असून एकावर झूम केले की उरलेले दोन्ही त्याच तारखांवर येतात. मात्र मे महिन्यात पारा ४४ अंशांपुढे गेलेले दिवस तापमानाच्या आलेखात निवडले की तेच दिवस भावाच्या आलेखातही उठून दिसावेत, अशी माझी गरज आहे. हे कसे साधावे?

उत्तर (भुसावळ)
शेअरएक्समुळे फक्त अक्ष जोडले जातात, त्यामागच्या नोंदी नाहीत. तुम्हाला नोंदी जोडायच्या आहेत आणि त्यासाठी बोके ही लायब्ररी अधिक सोयीची आहे. तिन्ही आलेखांना एकच कॉलमडेटासोर्स (बोकेमधील स्तंभवार माहितीचा साठा) द्या, बॉक्स सिलेक्ट हे चौकोन ओढून नोंदी निवडण्याचे साधन चालू ठेवा आणि ग्रिडप्लॉटने त्यांची मांडणी करा. निवड त्या सोर्सवर नोंदवली जात असल्याने ती सर्व आलेखांत एकदम दिसते. झूमसाठी दुसऱ्या व तिसऱ्या आलेखाला पहिल्याचीच एक्स-रेंज (आडव्या अक्षाची व्याप्ती) द्यावी. नुसत्या रेषेवर चौकोनी निवड उमटत नाही, म्हणून रेषेच्या जोडीला स्कॅटरचे ठिपकेही काढावेत.

प्रश्नकर्ता (रावेर)
मनःपूर्वक आभार. अडचण अशी की बाजार बंद असलेल्या दिवसांची भावाची नोंदच नाही, त्यामुळे फायलींतील ओळींची संख्या जुळत नाही, आणि एका सोर्समधील सर्व स्तंभ तर सारख्याच लांबीचे लागतात.

उत्तर (धुळे)
फायली सोर्समध्ये भरण्यापूर्वीच पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत एकत्र करा. डेट-रेंजने सलग तारखांची एक चौकट तयार करून तिला तिन्ही फायली तारखेवर लेफ्ट मर्जने (म्हणजे चौकटीतील सर्व तारखा राखून) जोडा. त्याआधी प्रत्येक फाईलमधील तारीख टू-डेटटाइमने बदलून घ्यावी, कारण एकीकडे मजकूर आणि दुसरीकडे तारीख असल्यास मर्ज होणार नाही. ज्या दिवशी भाव नाही तिथे नॅन (रिकामी नोंद) राहू द्या, शून्य मुळीच भरू नका. शून्याने भाव कोसळल्याचा खोटा खड्डा दिसतो, तर नॅनपाशी रेषा नुसती तुटते आणि ते तुटणे खरे असते.

सलग चौकटीचा आणखी एक उपयोग आहे. उन्हाचा परिणाम त्याच दिवशीच्या भावात दिसेल असे धरून चालता येत नाही. ओळींत खंड नसल्याने शिफ्ट(७), म्हणजे नोंदी सात ओळी पुढे सरकवणे, हे नेमके सात दिवस होतात, आणि आठवडाभरापूर्वीचे तापमान आजच्या भावासमोर मांडून निवड करता येते. माझ्या मते तुमच्या अभ्यासाला हाच आलेख सर्वांत उपयोगी ठरेल.

उत्तर (भुसावळ)
सहमत. जागा वाचवण्यासाठी भाव आणि तापमान एकाच आलेखात दोन उभ्या अक्षांवर काढू नयेत. मापे थोडी हलवली तरी दोन रेषांमध्ये नसलेले नाते दिसू लागते.