वायफायचा डबा बंद करून चालू करणाऱ्यांसाठी: तुमचे अनुभव सांगा

आमच्या घरी राउटर टीव्हीच्या युनिटवर आहे, देवाच्या फोटोशेजारी. फोटोला दिवसातून दोनदा हात जोडले जातात, राउटरला चारदा.

गेले तीन महिने हे चाललंय. "अगं, नेट गेलं!" अशी आतून हाक आली की जो रिकामा असेल त्याने उठायचं, पिन काढायची, दहापर्यंत मोजायचं, पिन लावायची आणि दिवे स्थिर होईपर्यंत तिथेच ताटकळायचं. सासूबाईंनी मोजणं सोडून दिलंय. त्या तेवढ्या वेळात अर्धी जपमाळ ओढतात, आणि वेळ बरोबर जमते.

नेटवाल्याला तीनदा बोलावून झालं. तो येतो, फोनवर स्पीड टेस्ट लावतो, शंभरचे शंभर दाखवतो आणि "मॅडम, नेट एकदम ओके आहे" म्हणून जातो. तो गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत नेट पुन्हा गेलेलं असतं. बहुतेक वेळा संध्याकाळी सात ते दहा जातं. मुलाचा क्लास, ह्यांचा कॉल आणि सासूबाईंची मालिका, सगळं एकदम सुरू असतं तेव्हा.

"नवीन घ्या" हा सल्ला नको, तो घरातच फुकट मिळतो. तुमच्याकडे असं झालं तेव्हा खरं कारण काय निघालं ते लिहा. सापडलं नसेल तर मनाची समजूत कशी घातलीत तेही चालेल. मी डोंबिवलीहून.

नाशिकरोडहून

आमचं कारण म्हणजे आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. धूळ बसू नये म्हणून राउटरवर घातलेला, आणि वर शोभेला पितळेचा हत्ती. एप्रिल-मेमध्ये डबा इतका तापायचा की हात ठेववत नसे. त्याला पंखा नसतो, अंगावरच्या भोकांतून हवा जाईल तेवढाच गारवा. दोन स्क्रू मारून भिंतीवर टांगला आणि प्रश्न मिटला. रुमाल आता मिक्सरवर आहे, हत्ती फ्रिजवर.

पुण्याहून, पेठेतून

विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. "बंद करून चालू केलं की बरं होतं" एवढ्यावर लोक थांबतात. का बरं होतं, हे कोणी विचारत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये फोनवर वायफायची यादी उघडली की माझ्या स्वयंपाकघरात २३ नावं दिसतात. वायफायचे रेडिओलहरींचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि प्रत्येकात चॅनलं. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारी चॅनलं तीनच: १, ६ आणि ११. म्हणजे २३ बिऱ्हाडं आणि तीन नळ. राउटर 'ऑटो'वर असला तर त्यातला मोकळा नळ तो स्वतः शोधतो, पण बरेचसे स्वस्त राउटर हा शोध फक्त चालू होताना घेतात. नंतर शेजारच्यांनी गर्दी केली तरी हे तिथेच बसून राहतात. पिन काढून लावली की नव्याने शोध, नवा नळ, आणि आपल्याला वाटतं आपण दुरुस्ती केली.

शिवाय दुपारी साडेबाराला आमचं नेट हमखास अडखळायचं. मी नेटवाल्याशी दोन आठवडे भांडलो. निघालं काय, तर मायक्रोवेव्ह. तोही त्याच २.४ च्या आसपास चालतो आणि राउटर त्याच्याच डोक्यावरच्या फळीत. नेटवाल्याची माफी मागितलेली नाही, इतर बाबतींत त्याची चूक होतीच.

आता लॅपटॉप आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर, बाकी किरकोळ वस्तू २.४ वर, आणि चॅनल स्वतः ठरवून पक्कं केलंय. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, बहुतेक राउटरांचं दार तिथेच उघडतं. पत्ता वेगळा असेल तर डब्याच्या पोटावर चिकटवलेला असतो.

देवगडहून

पुणेकरांचं बरोबर असेल, पण आमच्याकडे शेजारचं वायफाय दिसायला आधी शेजारी दिसायला हवा.

आमचं घर चिऱ्यांचं. राउटर पडवीत, कारण वायर तिथूनच आत येते. माजघरात फोनवर दोन काड्या, स्वयंपाकघरात शून्य. ५ गिगाहर्ट्झ तर जांभ्याच्या पहिल्याच भिंतीला टेकून बसतो. गंमत अशी की राउटर बंद-चालू केला की थोडा वेळ सगळं छान चालायचं, म्हणून वर्षभर आम्ही त्यालाच शिव्या घातल्या. चूक फोनची होती. पडवीत ५ वर जोडलेला फोन माजघरात आल्यावरही तीच मेलेली रेंज धरून ठेवायचा. राउटर बंद केला की नाइलाजाने सुटायचा आणि २.४ वर जायचा. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली आणि माळ्यावरून लॅनची केबल नेऊन स्वयंपाकघरात दुसरा जुना राउटर लावला. तेव्हापासून पिन कोणी काढलेली नाही.

पावसाळ्यात एलओएसचा लाल दिवा लागतो तो प्रकार वेगळा. त्याचा अर्थ फायबरमधून उजेडच येत नाहीय. मग तुम्ही शंभर वेळा बंद-चालू करा, काही व्हायचं नाही. आमच्या भावजींना फोन केला की ते आधीच सांगतात, "माकडान वायर तोडल्यान."

धागाकर्ती (डोंबिवलीहून), मधेच

लाल दिवा आमच्याकडे लागत नाही, आत्ताच पाहून आले. चॅनल ६ वर पक्कं केलं. आज संध्याकाळी बघते.

कोल्हापूरहून

२०२० चं सांगतो. पोरीची ऑनलाइन परीक्षा सुरू व्हायला पाऊण तास आणि नेट गेलं. आमचे मामा म्हणाले, "थांबा, मला माहीत आहे, मागं एक बारीक भोक असतंय." कुणी थांबवायच्या आत त्यांनी सेफ्टी पिन घालून दहा सेकंद दाबून धरली. सगळे दिवे एकदम विझून लागले. मामा खूश.

रीस्टार्ट आणि रीसेट यातला फरक त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना कळला. वायफायचं नाव गेलं, पासवर्ड गेला, आणि नेटवाल्याने कधीकाळी आत भरून ठेवलेलं युजरनेम तेही गेलं. त्याचा फोन लागेना. मामा हळू आवाजात म्हणाले, "आता काय करायचं रं?" पोरीने परीक्षा माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिली, गच्चीच्या जिन्यात बसून. ते युजरनेम आता मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय. तुम्हीही ठेवा कुठेतरी.

फ्रँकफर्टजवळून

इथे विमानतळ जवळ आहे आणि माझं ५ गिगाहर्ट्झ अधूनमधून गायब व्हायचं. मी मराठी बाण्याने लगेच पिन काढायचे आणि ते आणखी उशिरा यायचं! शेवटी राउटरच्या नोंदींचं पान वाचलं. ५ गिगाहर्ट्झमधली काही चॅनलं रडारशी वाटून घेतलेली असतात. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला ते चॅनल सोडावं लागतं, आणि अशा चॅनलवर सुरू होण्याआधी एक मिनिट नुसतं कान देऊन बसावं लागतं. युरोपात हवामान रडारच्या पट्ट्यात, म्हणजे १२० ते १२८ च्या चॅनलांवर, तेच दहा मिनिटं. दर वेळी पिन काढून मीच ती दहा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावत होते. चॅनल ३६ वर ठेवलं, तिथे ही भानगड नाही.

अकोल्याहून

आमच्याकडे लाइट जाते त्यापेक्षा जास्त ती डोळा मारते. इन्व्हर्टरवर जाताना बल्ब नुसता लुकलुकतो, पण राउटर तेवढ्यात मरून पुन्हा जन्म घेतो. म्हणजे दोन-तीन मिनिटं गेली. राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, १२ व्होल्टचा, वहीएवढा. तो लावला. पूर्ण एरियाची लाइट गेली तर मात्र उपयोग शून्य, कारण नेटवाल्याचा खांबावरचा स्विचही तिकडे विझलेला असतो.

ठाण्याहून

मी कारण शोधलं नाही, हार मानली. आधी स्मार्ट प्लग घेतला. ऑफिसमधून फोनवर बटण दाबून राउटर बंद केला. चालू करायला गेलो तर प्लग सापडेना, कारण तो त्याच वायफायवर होता.

मग गोल चकतीचा टायमर आणला, रोज पहाटे ४ ला पंधरा मिनिटं बंद. दोन महिने सुखाचे गेले. पण लाइट गेली की ती चकतीही थांबते, हे लक्षात आलं नाही. थोडी थोडी मागे पडत गेली आणि एके दिवशी साडेदहाच्या मीटिंगमध्ये, मी पगारवाढीबद्दल बोलत असताना, आमच्याकडे पहाटेचे ४ वाजले.

नागपूरहून, निवृत्त शिक्षक

तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड होतं तेव्हा आमच्याकडे फोनची घंटी वाजली की नेट जायचं. बेडरूममधल्या जोडफोनला फिल्टर लावायचा राहिला होता. लेकीने फोन केला की तिच्याशी बोलताना तिचेच फोटो उघडत नसत.

धागाकर्तीने अडॅप्टर तपासला का? गर्दीच्या वेळीच जातं म्हणता म्हणून विचारतो: काम वाढलं की डबा जास्त वीज मागतो, आणि अडॅप्टर कमी ताकदीचा असेल तर तेव्हाच तो कमी पडतो. डब्यामागे काय लिहिलंय आणि अडॅप्टरवर काय लिहिलंय, दोन्ही वाचून इथे टाका.

धागाकर्ती

सर, राउटरच्या पोटावर १२ व्होल्ट २ अँपिअर. भिंतीतल्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर. दोन वेळा चष्मा पुसून वाचलं.

दिवाळीच्या साफसफाईत युनिट पुढे ओढून सगळ्या वायरी मीच काढल्या होत्या. दोन्ही अडॅप्टर काळे, दोघांची पिन सारखी. राउटरचा सेट-टॉप बॉक्सला गेला आणि त्याचा राउटरला आला. तीन महिने म्हणत होते, ते दिवाळीपासूनचेच.

काल दुपारी अदलाबदल केली. काल संध्याकाळी क्लास, कॉल आणि मालिका तिन्ही शेवटपर्यंत चाललं. आज रात्रीचे साडेदहा झालेत, अजून कोणी हाक मारलेली नाही. ह्यांना कारण सांगितलेलं नाही, "चॅनल ६ वर केलं" एवढंच सांगितलंय. सासूबाई मात्र आठ वाजता सवयीने राउटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या, दिवे हिरवे पाहून परत आल्या आणि उरलेली अर्धी माळ खुर्चीत बसून पुरी केली.